सहापट म्हणजे कुणाच्या सहापट?

चाकण-म्हाळुंगेच्या कारखान्यात डिप्लोमा किंवा बी.ई. करून लागलेला तरुण दोन-तीन वर्षे लाइनवर काढतो, कामात रुळतो आणि मग एमबीएचा विचार त्याच्या मनात घोळू लागतो. पिंपरी, भोसरी, तळेगाव, चाकण या पट्ट्यात अशी मुलेमुली कमी नाहीत. तयारीला बसण्याआधीच त्यांच्या मनात एक वाटणी झालेली असते. गणित आपले, इंग्रजी परके. त्यामुळे गणितासाठी सूत्रे आणि शॉर्टकट जमवायचे, इंग्रजीसाठी शब्दांच्या याद्या पाठ करायच्या, आणि ही दोन कामे दोन वेगळ्या वह्यांत, दोन वेगळ्या दिवशी उरकायची. ही वाटणीच गुण खाते, असे माझे म्हणणे आहे. गणितातले कितीतरी गुण आकडेमोडीत जात नाहीत, प्रश्न वाचताना जातात. इंग्रजीतले कितीतरी गुण शब्द अडल्यामुळे जात नाहीत, वाक्यातला तर्क निसटल्यामुळे जातात. दोन्हीकडे गळती एकाच ठिकाणी आहे, आणि ती एकाच कामाने बुजवता येते.

राज्याच्या सीईटी कक्षाची एमबीए प्रवेश परीक्षा डोळ्यांपुढे ठेवू. तिचा रूढ आराखडा २०० प्रश्न आणि १५० मिनिटांचा आहे : तार्किक क्षमतेचे ७५ प्रश्न, आकृत्यांवर आधारलेले २५, गणिताचे ५० आणि भाषेचे ५०. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. कारखान्याच्या भाषेत सांगायचे तर एका प्रश्नाचा सायकल टाइम ४५ सेकंद. आयआयएमची कॅट निराळ्या स्वभावाची आहे. २०२४ साली तिच्यात १२० मिनिटांत ६८ प्रश्न होते, म्हणजे प्रश्नामागे पावणेदोन मिनिटे, आणि पर्यायी प्रश्न चुकला तर एक गुण वजा. एक परीक्षा वेग पाहते, दुसरी खोली, असे सरसकट म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. ४५ सेकंदांत प्रश्न दुसऱ्यांदा वाचायला वेळ नसतो, म्हणून पहिलेच वाचन अचूक असावे लागते. वेगाची परीक्षा वाचनाला सूट देत नाही, उलट अधिक कडक होते.

गणितातले गुण वाचताना जातात याचा सर्वांत बोलका पुरावा अमेरिकेतला आहे, आणि तो इंजिनिअरिंगच्याच विद्यार्थ्यांविषयी आहे. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या जॉन क्लेमंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या सुमारास पहिल्या वर्षाच्या इंजिनिअरिंग विद्यार्थ्यांना एक साधे वाक्य समीकरणात मांडायला दिले. विद्यापीठात जितके प्राध्यापक आहेत त्यांच्या सहापट विद्यार्थी आहेत. विद्यार्थ्यांसाठी एक अक्षर, प्राध्यापकांसाठी दुसरे, आणि समीकरण लिहा. ३७ टक्के विद्यार्थी चुकले. बहुतेकांनी सहा हा आकडा विद्यार्थ्यांच्या अक्षराला चिकटवला, म्हणजे हिशेब उलटा झाला आणि प्राध्यापकच विद्यार्थ्यांच्या सहापट ठरले. या मुलांना बीजगणित येत नव्हते असे कोण म्हणेल? पण इंग्रजी वाक्यात ‘सिक्स टाइम्स अ‍ॅज मेनी स्टुडंट्स’ हे शब्द या क्रमाने येतात. सहा आणि विद्यार्थी शेजारी दिसले आणि हाताने त्यांना शेजारीच लिहिले. डोळ्याने वाक्य पाहिले, पण अर्थ घेतला नाही.

आता तेच वाक्य मराठीत म्हणून पाहा : विद्यार्थी प्राध्यापकांच्या सहापट आहेत. आपल्या भाषेत ‘च्या’ हा प्रत्यय सहा हा आकडा कुणाला गुणतो ते स्पष्ट सांगतो. वाक्य डावीकडून उजवीकडे उतरवले तरी समीकरण बरोबर येते : विद्यार्थी, बरोबर, प्राध्यापक गुणिले सहा. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना इंग्रजी प्रश्नाचे मनातल्या मनात मराठी करण्याची खंत वाटते. ही आपली कमजोरी, यात वेळ जातो, असे त्यांना वाटत राहते. सगळ्या प्रश्नाचे भाषांतर करत बसले तर वेळ जातोच. पण जिथे तुलना आहे, टक्केवारी आहे, ‘अमक्यापेक्षा तमके’ आहे, तेवढेच वाक्य मराठीत उलटून घेणे ही कमजोरी नाही, ती तपासणी आहे. ड्रॉइंग हातात आल्यावर कामगार आधी माप कुठल्या पृष्ठभागापासून धरायचे ते पाहतो. गणिताच्या प्रश्नातला पाया शोधणे हे तेच काम आहे.

आणि पाया सुटतो तो फार साध्या ठिकाणी. एका लाइनवरचे रिजेक्शन पाच टक्क्यांवरून चार टक्क्यांवर आले. किती कमी झाले? टक्केवारीच्या अंकात एकाने कमी झाले, आणि मूळच्या मानाने २० टक्क्यांनी. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत, कारण ती दोन वेगळ्या प्रश्नांची आहेत, आणि पर्यायांत दोन्ही हमखास ठेवलेली असतात. एका वस्तूची किंमत दुसरीपेक्षा २५ टक्क्यांनी जास्त असेल तर दुसरीची पहिलीपेक्षा २० टक्क्यांनी कमी असते, २५ नव्हे, कारण पाया बदलला. निगडीहून चाकणला ताशी ४० च्या वेगाने गेलो आणि ताशी ६० ने परतलो, तर सरासरी वेग ५० नाही. हिशेबापुरते अंतर १२ किलोमीटर धरले, तर जायला १८ मिनिटे लागतात आणि यायला १२; २४ किलोमीटरला अर्धा तास, म्हणजे ताशी ४८. ज्याने प्रश्नात ‘सरासरी’ हा शब्द पाहिला आणि बेरीज करून दोनाने भागले, त्याची आकडेमोड निर्दोष होती. चुकले ते हे, की सरासरी कशाची हे त्याने विचारले नाही. इथे जुन्या मराठी शाळेची एक शिदोरी आठवावीशी वाटते : पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी. अपूर्णांकांचे हे पाढे आता कुणी म्हणून घेत नाही, पण ज्याला ‘सवापट म्हणजे पंचवीस टक्के जास्त, आणि उलट बाजूने पाचवा हिस्सा कमी’ हे कानाने कळते, त्याला टक्केवारीचे अर्धे शॉर्टकट पाठ करावे लागत नाहीत.

आता भाषेच्या बाजूला येऊ. शॉपफ्लोअरवर इंटरलॉक असलेल्या मशीनविषयी एक वाक्य घ्या : गार्ड बंद असल्याशिवाय मशीन सुरू होणार नाही. यावरून ‘गार्ड बंद केले की मशीन सुरू होतेच’ असे म्हणता येईल का? येणार नाही. वीज गेली असेल, इमर्जन्सी स्टॉप दाबलेला असेल. गार्ड बंद असणे आवश्यक आहे, पुरेसे नाही. मशीनवर उभा असलेला कुठलाही ऑपरेटर हे एका श्वासात सांगेल. पण हेच वाक्य इंग्रजीत ‘अनलेस’ घेऊन उताऱ्यात आले आणि चार पर्यायांत तो उलटा निष्कर्ष ठेवला, की हुशार मुलेही त्यावर बोट ठेवतात. ‘फ्यू’ आणि ‘अ फ्यू’ यांत एका अक्षराने वाक्याचा कल नकाराकडून होकाराकडे जातो. ‘हार्डली’ आला की वाक्यात ‘नॉट’ नसूनही नकार असतो. ‘ऑलदो’ने सुरू झालेल्या वाक्यात लेखकाचे खरे म्हणणे स्वल्पविरामानंतर असते. हे शब्द कुठल्याही अवघड शब्दांच्या यादीत नसतात, कारण ते अवघड नाहीत. पण उताऱ्याचे बिजागर तेच असतात, आणि परीक्षा बिजागरावरच बोट ठेवते.

शब्दांच्या याद्यांवर मुलांचे महिनेच्या महिने खर्च होतात, म्हणून त्यांच्याविषयी स्पष्ट बोलायला हवे. ज्या परीक्षांमुळे या याद्या जगभर पसरल्या, त्या परीक्षांनीच त्यांची साथ सोडली आहे. अमेरिकेतल्या कॉलेज-प्रवेशाच्या एसएटी परीक्षेतून विरुद्धार्थी शब्दांचे प्रश्न १९९४ मध्ये गेले आणि शब्दसाधर्म्याचे प्रश्न २००५ मध्ये. जीआरईने २०११ मध्ये दोन्ही प्रकार काढले. कॅटच्या २०२४ च्या भाषाविभागात २४ पैकी १६ प्रश्न उताऱ्यांवरचे होते. राज्याच्या सीईटीत समानार्थी शब्द आणि रिकाम्या जागा अजून येतात, तेव्हा शब्दसंग्रह नकोच असे मी म्हणत नाही. पण सुटा पाठ केलेला शब्द रिकाम्या जागेतही नीट बसत नाही, कारण तिथे अर्थाइतकीच शब्दाची संगत लागते, आणि संगत वाचनातूनच कळते. उतारा समजण्यात भाषेखेरीज आणखी एका गोष्टीचा मोठा वाटा असतो. डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी १९८८ मध्ये सातवी-आठवीच्या ६४ मुलांना बेसबॉलच्या सामन्याचे वर्णन वाचायला दिले. वाचनात कच्ची पण बेसबॉल जाणणारी मुले, वाचनात पक्की पण खेळ न जाणणाऱ्या मुलांपेक्षा मजकूर कितीतरी चांगला सांगू शकली. आपल्याकडे क्रिकेट घातले तरी चित्र बदलणार नाही. उताऱ्यातला विषय आधी कधीतरी भेटलेला असेल, तर इंग्रजी तेवढी सोपी होते.

सराव ‘करावा’ हे सगळेच सांगतात. तो कसा करायचा हा खरा प्रश्न आहे. सर्वसाधारण रीत धड्याधड्याने जाण्याची : आज टक्केवारीची ५० गणिते, उद्या नफा-तोटा, परवा काळ-काम-वेग. या रीतीने बरे वाटते, कारण विसाव्या गणितापासून हात आपोआप चालू लागतो. डग रोहरर आणि केली टेलर यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना चार प्रकारच्या घनाकृतींचे घनफळ काढायला शिकवले. एका गटाने एकेका प्रकाराचा सलग सराव केला, दुसऱ्याने सगळे प्रकार मिसळून. सराव चालू असताना सलगवाल्यांची ८९ टक्के उत्तरे बरोबर होती, मिसळवाल्यांची ६०. आठवड्याने चाचणी घेतली तेव्हा सलगवाले २० टक्क्यांवर घसरले आणि मिसळवाले ६३ टक्क्यांवर होते. कारण सरळ आहे. धड्याच्या मथळ्यावरच ‘काळ-काम-वेग’ असे छापलेले असते, तेव्हा सूत्र कोणते लावायचे हा निर्णय विद्यार्थी कधी घेतच नाही. परीक्षेत मथळा नसतो. तिथे पहिले काम सूत्र लावण्याचे नसते, ओळखण्याचे असते, आणि ओळखणे म्हणजे वाचणे. पुन्हा पुन्हा नोट्स वाचण्याचेही असेच आहे. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात मजकूर चार वेळा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी अधिक आठवले, पण आठवड्याने त्यांच्याजवळ ४० टक्के उरले, तर एकदा वाचून तीन वेळा न पाहता आठवून लिहिणाऱ्यांजवळ ६१ टक्के. सराव चालू असताना वाटणारा आत्मविश्वास हे शिकल्याचे माप नाही. मुले फसतात ती नेमकी याच मापाला.

या पट्ट्यातल्या तरुणाला हे सारे नवे वाटायला नको, कारण तो रोज जिथे काम करतो तिथे चुकीकडे पाहण्याची एक पद्धत रुजलेली आहे. जॉब रिजेक्ट झाला तर नुसता नवा जॉब बनवून चालत नाही. ‘व्हाय-व्हाय’ करावे लागते, पाच वेळा ‘का’ विचारून मुळापर्यंत जावे लागते. ही टोयोटाची पद्धत ताइइची ओनो यांनी जगासमोर मांडली आणि वाहन-उद्योगाबरोबर ती इथे आली. सराव परीक्षेतली चूक मात्र हीच माणसे रिवर्क करून सोडून देतात : उत्तरतालिका पाहिली, ‘अरे, हे तर येत होते’ म्हटले, पुढे गेले. त्या सरासरी वेगाच्या गणितालाच व्हाय-व्हाय लावून पाहा. उत्तर का चुकले? ४० आणि ६० ची सरळ सरासरी काढली. का? दोन्ही वेगांना सारखाच वेळ मिळाला असे धरले. का धरले? अंतर सारखे होते, ते पाहून वेळही सारखा वाटला. प्रश्नात वेळ का शोधला नाही? ‘सरासरी’ दिसताच सूत्र लावले. लगेच का लावले? सराव नेहमी एका मथळ्याखाली केला, ओळखायची वेळच आली नाही. पाचव्या ‘का’चे उत्तर गणितातले नाही, सवयीतले आहे, आणि शंभर नवी गणिते सोडवून ते बदलणार नाही. म्हणून एक चुकांची वही हवी, गणित आणि भाषा यांची मिळून एकच. प्रत्येक चुकीसमोर तिची जात लिहायची : प्रश्न नीट वाचला नाही, वाचला पण मांडणी चुकली, आकडेमोड घसरली, संकल्पनाच येत नव्हती, की येत असूनही वेळ गेला. तीन-चार सराव परीक्षांनंतर या वहीत जो ढीग सर्वांत मोठा होईल, तोच पुढच्या महिन्याचा अभ्यासक्रम. संकल्पनेचा ढीग मोठा असेल तर पुस्तक उघडावे. वाचनाचा मोठा असेल, तर गणिताचे पुस्तक मिटून प्रश्नाचे शेवटचे वाक्य आधी वाचण्याची सवय लावावी.

यावर पहिला आक्षेप असा येईल की एवढी यातायात कशाला. चांगला क्लास लावला की गुण वाढतात. वाढतात, हे मान्य. पण किती, हे तपासले गेले आहे. एसएटीच्या शिकवण्यांवरील अभ्यासांचा आढावा घेऊन डेरेक ब्रिग्ज यांनी २००९ मध्ये जो निष्कर्ष मांडला, त्यानुसार दोन्ही भाग मिळून १६०० गुणांच्या परीक्षेत सरासरी फायदा ३० गुणांच्या आसपास होता, आणि त्यात गणिताचा वाटा मोठा, वाचनाचा लहान. त्याआधी १९८१ मध्ये मेसिक आणि युंगेब्लुट यांनी दाखवले होते की तास वाढवत नेले तरी फायदा त्या प्रमाणात वाढत नाही. सीईटी आणि एसएटी एक नव्हेत, तेव्हा आकडा जसाच्या तसा इथे लावू नये. तरी त्यातला कल महत्त्वाचा आहे. क्लास शिस्त देतो, प्रश्नपत्रिका देतो, बरोबरची माणसे देतो, आणि एकट्याने नोकरी सांभाळणाऱ्याला या गोष्टी मोलाच्या आहेत. वाचन मात्र क्लासमध्ये कुणी आपल्या वतीने करू शकत नाही.

दुसरा आक्षेप वेळेचा, आणि तो सर्वांत खरा आहे. फर्स्ट शिफ्ट, सेकंड शिफ्ट, थर्ड शिफ्ट आठवड्याआठवड्याने फिरते, त्यात पुणे-नाशिक रस्त्यावर मोशीपासून चाकणच्या चौकापर्यंतची कोंडी. ‘रोज पहाटे पाच ते सात अभ्यास’ असा सल्ला नाइट शिफ्टवाल्याला देणे हे निव्वळ अज्ञान आहे. पण वर सांगितलेली पद्धत सलग तासांवर उभी नाही. कंपनीच्या बसमधली चाळीस मिनिटे एका उताऱ्याला आणि काल चुकलेल्या चार गणितांना पुरतात, आणि काल वाचलेले आज न पाहता आठवण्यासाठी वहीसुद्धा लागत नाही. पूर्ण अडीच तासांची सराव परीक्षा आठवड्याला एकच असावी आणि ती सुट्टीच्या दिवशी. पिंपरी-भोसरीतल्या बऱ्याच कारखान्यांना सुट्टी गुरुवारी असते. सराव परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी नवी परीक्षा देऊ नये, तिच्या चुकांची वही भरावी. थर्ड शिफ्टच्या आठवड्यात झोप मोडून अभ्यास करण्यापेक्षा त्या आठवड्याचे उद्दिष्ट निम्मे करावे, कारण अर्धवट झोपेत सर्वांत आधी जाते ते वाचनातले लक्ष, आणि आपण कमवायला निघालो आहोत ते नेमके तेच. अंदाजाचा हिशेबही याच वेळी पक्का करावा. सीईटीत गुण कापले जात नाहीत, तेव्हा एकही प्रश्न रिकामा सोडायचा नाही. कॅटमध्ये बरोबरला तीन आणि चुकीला वजा एक. चार पर्यायांतून डोळे मिटून निवडले तर सरासरी लाभ शून्य, पण एक पर्याय खात्रीने बाद करता आला तर सरासरी एक तृतीयांश गुण पदरात पडतो. पर्याय बाद करणे हेही वाचनाचेच काम.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे : ही परीक्षा इंग्रजीत आहे, म्हणून ती इंग्रजी घरांतून आलेल्यांना झुकते माप देते, आणि सहा महिन्यांच्या वाचनाने ती दरी भरत नाही. या म्हणण्यात तथ्य आहे, आणि त्याचा सर्वांत मोठा साक्षीदार एसएटीचा जनकच आहे. १९२६ साली ती परीक्षा घडवणाऱ्या कार्ल ब्रिगहॅम यांनी १९२३ च्या आपल्या पुस्तकात चाचण्यांच्या आधारे मानववंशांची बुद्धी तोलली होती. १९३० मध्ये त्यांनी ते निष्कर्ष जाहीरपणे मागे घेतले. परक्या भाषेतून आलेल्यांच्या बुद्धीविषयी इंग्रजी चाचण्यांवरून असे निष्कर्ष काढता येत नाहीत, हे त्यांनी कबूल केले. तेव्हा मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला कमी गुण पडले तर त्यावरून त्याच्या बुद्धीविषयी काही सिद्ध होत नाही. पण परीक्षा तर द्यायची आहे, आणि त्याच्याजवळ काय आहे हे पाहायला हवे. कॅनडातले भाषाशिक्षणतज्ज्ञ जिम कमिन्स यांनी १९७९ पासून दोन गोष्टी मांडल्या : बोलण्यापुरती भाषा आणि अभ्यासाची भाषा या वेगळ्या असतात, आणि अभ्यासाच्या भाषेची समज एका भाषेतून दुसरीत वाहून नेता येते. पहिल्या मुद्द्यामुळे कळते की कंपनीत इंग्रजीत मेल लिहिणारा आणि परदेशी साहेबाशी सहज बोलणारा इंजिनिअरही उताऱ्यात का अडतो. दुसऱ्यामुळे कळते की मराठीत गंभीर वाचन केलेला माणूस शून्यापासून सुरुवात करत नाही. त्याला युक्तिवाद ओळखता येतो. फक्त ‘तथापि’च्या जागी ‘हाउएव्हर’ ओळखायचा आहे. म्हणून एखाद्या विषयावरचा मराठी अग्रलेख आधी वाचावा, व्याजदराचा असो, पाणीवाटपाचा असो की बॅटरीवरच्या गाड्यांचा, आणि त्याच संध्याकाळी त्याच विषयावरचा इंग्रजी अग्रलेख घ्यावा. विषय ओळखीचा झालेला असतो, म्हणून शब्द अडले तरी वाक्य अडत नाही. मग इंग्रजी लेख बाजूला ठेवून लेखकाचे म्हणणे मराठीत दोन वाक्यांत लिहावे, आणि पुन्हा लेख उघडून त्या दोन वाक्यांत त्याचा ‘पण’ आला आहे की निसटला, हे पाहावे.